अपमानाचे वजन, प्रहाराचे वजन

ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस गोव्याच्या बार्देश तालुक्यातील पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. संतप्त झालेल्या त्याच्या देशबांधवांनी मृतदेह नेणारी गाडी अडवली आणि पर्वरी येथे महामार्ग रोखून धरला. स्थानिक जमावातील काहींनी त्यांना काठ्यांनी मारहाण केली, तर पोलिसांनी पन्नासहून अधिक नायजेरियनांना अटक केली. त्याच दिवसांत राज्याच्या एका मंत्र्यांनी नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली, ज्याबद्दल त्यांना पुढे माफी मागावी लागली, आणि नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने आपल्या देशातील भारतीयांना बाहेर काढले जाण्याचा इशारा दिला. या साखळीत प्रत्येकाला आपले उत्तर योग्य मापाचे वाटत होते आणि समोरच्याचे अतिरेकी. असे का होते, याचा काही भाग प्रयोगशाळेत मोजता आला आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. समोरासमोर बसवलेल्या दोघांना एकमेकांच्या बोटावर आळीपाळीने दाब द्यायचा होता आणि प्रत्येकाला सूचना एकच होती: तुम्हाला जेवढा दाब जाणवला, नेमका तेवढाच परत द्या. दोघांनीही सूचना प्रामाणिकपणे पाळली, तरीही दाब प्रत्येक फेरीत सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. आपल्या हालचालीतून कोणती संवेदना निर्माण होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि तेवढी संवेदना वजा करतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याचे कारणही हेच. त्यामुळे आपण दिलेला दाब आपल्याला खरा आहे त्याहून कमी भासतो. मात्र बोटाने थेट दाबण्याऐवजी यंत्राची दांडी हलवून दाब द्यायला सांगितले, तेव्हा माणसे बरेच अचूक माप देऊ शकली.

बोटावरचा दाब आणि वर्णावरून झालेला अपमान यांची बरोबरी करता येणार नाही, हे उघड आहे. वंशद्वेषाचा अपमान एका क्षणाचा नसतो. भाड्याने खोली नाकारली जाणे, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहणे, पोलिसांनी विनाकारण हटकणे, असे कित्येक प्रसंग त्याच्यामागे साचलेले असतात. आपल्या गोव्यात आफ्रिकन विद्यार्थ्याला हे भोगावे लागते आणि ‘घाटी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मजुरालाही त्याची चव ठाऊक असते. या संतापाला मी विकार मानत नाही. अन्याय ओळखण्याची ती एक निरोगी खूण आहे आणि ज्या समाजात अपमानित माणसाला राग येणेच बंद झाले, त्या समाजाची मला अधिक भीती वाटेल. प्रयोगातून एवढेच घ्यायचे की घाव देणाऱ्याला आणि घाव सोसणाऱ्याला त्या घावाचे माप सारखे दिसत नाही, म्हणून ते माप दोघांपैकी कोणाच्याही हाती सोपवता येत नाही.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील जेना या छोट्या गावात हा प्रश्न फार कठीण स्वरूपात उभा राहिला. २००६ मध्ये तेथील शाळेच्या आवारातील झाडाला फाशीचे दोर टांगलेले आढळले. ज्या प्रदेशात कृष्णवर्णीयांना जमावाने झाडांना लटकवून मारल्याचा इतिहास आहे, तेथे त्या दोरांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. तरीही दोर टांगणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांची शाळेतून हकालपट्टी झाली नाही. डिसेंबरमध्ये सहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर एका गोऱ्या विद्यार्थ्याला बेशुद्ध होईपर्यंत मारल्याचा आरोप झाला. मार खाणारा मुलगा दोर टांगणाऱ्यांपैकी नव्हता, आणि दोरांचा या मारहाणीशी थेट संबंध होता का, यावर पुढेही मतभेद राहिले. अनेकांनी मिळून एकाला लाथा मारणे ही क्रूरताच आहे आणि तिची शिक्षा व्हायलाच हवी. परंतु जखमी मुलगा त्याच दिवशी रुग्णालयातून घरी गेलेला असताना सरकारी वकिलांनी आरोप ठेवला तो खुनाच्या प्रयत्नाचा, आणि पुढे पायांतील खेळाचे बूट हे घातक शस्त्र असल्याचा युक्तिवादही केला. पहिल्या आरोपीला केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्यूरीने दोषी ठरवले. नंतर त्याच्यावरील खटला बाल न्यायालयात चालवायला हवा होता, या कारणावरून तो निकाल रद्द झाला. सप्टेंबर २००७ मध्ये हजारो लोकांनी जेनात मोर्चा काढला. उरलेल्या पाच जणांचे खटले २००९ मध्ये साध्या मारहाणीच्या गुन्ह्यावर, दंड आणि सात दिवसांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) मिटले.

म्हणजे त्रयस्थ म्हणून बसवलेली नजरही आधीच कलली असू शकते. फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मुलांची छायाचित्रे दाखवून त्यांची वये ओळखायला सांगितली. गंभीर गुन्ह्याचा संशयित म्हणून दाखवलेला मुलगा कृष्णवर्णीय असेल, तर त्याचे वय सरासरी साडेचार वर्षांनी अधिक धरले गेले आणि त्याला अधिक दोषीही मानले गेले. जेनातील अल्पवयीन मुलाला प्रौढ म्हणून उभे केले जाणे या निष्कर्षाच्या प्रकाशात वाचले पाहिजे.

भारतीय कायद्याने संतापाचा विचार अगदीच केलेला नाही असे नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद आहे; तीच दुखापत गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे झाली असेल, तर कलम १२२ नुसार मर्यादा एका महिन्यावर येते. गुन्हा पुसला जात नाही, त्याचे वजन कमी होते. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाच्या कसोट्या स्पष्ट केल्या. शब्द आणि हावभाव हेही प्रक्षोभ ठरू शकतात, आधीच्या वर्तनाने तयार झालेली मनाची पार्श्वभूमी विचारात घेता येते, मात्र राग निवायला वेळ मिळाला असेल तर सवलत नाही. येथे मानसशास्त्र एक अडचण उभी करते. वेळ गेला म्हणजे राग निवतोच असे नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात अपमान करणाऱ्याचा विचार करत ठोशांच्या पिशवीवर राग काढणाऱ्यांचा राग वाढला, तर काही न करता शांत बसलेल्यांचा सर्वांत कमी राहिला. मनात घोळवलेला अपमान दिवसेंदिवस पेटता राहू शकतो. तरीही कायद्याची ही अट मला योग्य वाटते, कारण मधल्या वेळेत माणसाला तक्रार करण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध असतो. पण हे तेव्हाच न्याय्य, जेव्हा तो मार्ग खरोखर उघडा असेल.

आणि नेमका तोच मार्ग अरुंद आहे. शांतताभंग व्हावा या हेतूने केलेल्या अपमानाला कलम ३५२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे प्रक्षोभाच्या भरात साधी दुखापत करणाऱ्यापेक्षा त्याला डिवचणाऱ्याची शिक्षा कागदावर मोठी आहे. मात्र हा गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, आणि उत्तरादाखल कोणाचे हाड मोडले तर ती गंभीर दुखापत दखलपात्र ठरते. परिणामी नोंद राहते ती ठोशाची. शिवी हवेत विरते. दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्येच वंशावरून केलेल्या अपमानासाठी स्वतंत्र कलमाची शिफारस केली होती.

ते कलम येईपर्यंतही पोलीस ठाण्यात बरेच काही करता येईल. मारहाणीच्या प्रत्येक जबाबात आधी कोणते शब्द उच्चारले गेले, कोणी आणि कोणासमोर, हे कोंकणी, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत जसेच्या तसे लिहून घेतले पाहिजे, आणि ज्याला यांपैकी एकही भाषा नीट येत नाही त्याला दुभाषी मिळाला पाहिजे. न्यायाधीशांपुढे केवळ जखमेचा वैद्यकीय दाखला पोहोचला, तर त्यांनी अपमानाचे वजन कशावरून करायचे?