जुन्या खाणकचऱ्याने खराब झालेल्या जमिनीचं पुनर्स्थापन

जुन्या धातूखाणींत दगड फोडून, दळून त्यातलं शिसं, जस्त, तांबं काढून घ्यायचे आणि उरलेली खडी-गाळ तिथेच ओतून ठेवायचे, पुढे खाण बंद पडली, कंपनी बुडाली, ढीग मात्र तसेच राहिले. अशी जमीन परत माणसांसाठी आणि झाडांसाठी सुरक्षित करणं म्हणजे हे काम.

यातली खरी अडचण अशी की कचऱ्यात उरलेले शिसं, कॅडमियम, आर्सेनिक हे विषारी पदार्थ कुजत नाहीत, कितीही वर्षं थांबा ते तेवढेच राहतात. म्हणून बहुतेक ठिकाणी विष काढून टाकणं जमत नाही, ते पाण्यात, धुळीत आणि लहान मुलांच्या पोटात जाणार नाही एवढं बघावं लागतं. त्यात कचऱ्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि ते बाकीचे धातू विरघळवून ओढ्यात नेतं. कॅलिफोर्नियाच्या आयर्न माउंटन खाणीतल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) तर उणे ३.६ पर्यंत मोजला गेलाय!

घरांजवळची माती सरळ उकरून बदलतात, मोठे ढीग चिकणमाती किंवा प्लास्टिकच्या थराने झाकतात. ॲसिड मारायला चुना घालतात, शिसं मातीत बांधून ठेवायला फॉस्फेट, पण त्याच फॉस्फेटने आर्सेनिक सुटून पाण्यात उतरू शकतं, त्यामुळे आधी मातीची नीट तपासणी पाहिजेच, एका जागेचा उपाय दुसरीकडे डोळे झाकून वापरू नये.

सगळ्यात सुंदर भाग गवताचा. वेल्समधल्या जुन्या ढिगांवर काही गवतं आपोआप तग धरून होती, ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक अँथनी ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्यातून ‘मर्लिन’, ‘गोगिनान’ असे धातू सोसणारे वाण पेरणीसाठी मिळाले. गवत धरलं की धूळ उडत नाही, माती वाहत नाही. धातू शोषून घेणारी झाडंही असतात, पण त्यांनी जमीन साफ व्हायला फार म्हणजे फारच वर्षं लागतात.

उशीर झाला की काय होतं ते अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या पिचर गावात दिसतं. शिसं-जस्ताच्या खडीचे डोंगर गावाला लागूनच, मुलं त्यावरच खेळायची, आणि त्यांच्या रक्तात शिसं सापडलं. १९८३ मध्ये तो भाग अमेरिकेच्या सुपरफंड यादीत (साफ करायच्या अतिप्रदूषित जागांची सरकारी यादी) आला, तरी शेवटी सरकारने घरं विकत घेऊन लोकांना हलवलं आणि २००९ मध्ये नगरपालिकाच बंद झाली.