एकात्मिक मंडलांतील कालस्थैर्य

विद्युत दाब आणि तापमान बदलत असतानाही चिपमधल्या संकेतांना लागणारा वेळ ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याच्या तंत्रांना मिळून कालस्थैर्य म्हणतात. चिपवरचा कोणताही ट्रान्झिस्टर आपली गती स्वतःहून कायम ठेवत नाही. जे स्थिर ठेवता येते ते दोन गोष्टींमधले प्रमाण, आणि या क्षेत्रातल्या चांगल्या युक्त्या बहुतेक याच विचारातून निघाल्या आहेत.

वेळ ढळतो कसा, हे एका साध्या गेटवरून (आत आलेल्या संकेतांवरून बाहेरचा संकेत ठरवणाऱ्या छोट्या मंडलावरून) कळते. गेटला पुढच्या गेटची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) भारित करायची असते आणि त्याला लागणारा वेळ ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह मिळतो यावर ठरतो. दाब कमी झाला की प्रवाह घटतो आणि गेट मंदावते. तापमानाचे मात्र इतके सरळ नाही. सिलिकॉन तापले की अणूंची कंपने वाढतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि प्रवाह कमी होतो. त्याच वेळी ट्रान्झिस्टर सुरू होण्यासाठी लागणारा दाब दर अंशाला साधारण १ ते २ मिलिव्होल्टने खाली येतो, म्हणजे प्रवाह वाढायला मदत होते. पुरवठ्याचा दाब भरपूर असेल तर पहिला परिणाम वरचढ ठरतो. अलीकडच्या कमी दाबाच्या चिपमध्ये दुसरा परिणाम वरचढ होऊ शकतो, आणि मग तीच चिप थंडीत मंद व उन्हात चपळ होते. त्यामुळे ‘सर्वांत वाईट स्थिती म्हणजे सर्वांत गरम स्थिती’ हा जुना समज धरून चालत नाही, गार टोकही तपासावेच लागते. यात कारखान्यातल्या घडणीचा फरक मिळवला की प्रोसेस, व्होल्टेज, टेंपरेचर असे तीन घटक होतात. अभियंते त्यांना मिळून ‘पीव्हीटी’ म्हणतात.

प्रमाणाची युक्ती सर्वांत सुंदर दिसते ती ५५५ टायमर या ठरावीक वेळ मोजणाऱ्या चिपमध्ये. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेली ही चिप १९७२ मध्ये बाजारात आली. आत तीन सारखे रेझिस्टर एकापाठोपाठ जोडलेले आहेत. ते पुरवठ्याच्या दाबाचे तीन समान भाग करतात. बाहेरचा कपॅसिटर भारित होत दोनतृतीयांशापर्यंत पोचला की वेळ संपली. आता पुरवठा ५ व्होल्टऐवजी १० केला, तर भारित करणारा प्रवाह दुप्पट होतो, पण गाठायची पातळीही दुप्पट होते. वेळ तेवढाच राहतो: १.१ गुणिले रोध गुणिले धारिता. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले की सुमारे १.१ सेकंद. चिप तापली की आतले तिन्ही रेझिस्टर एकत्रच बदलतात, म्हणून त्यांचे प्रमाण टिकते. मग ढळ उरतो तो मुख्यतः बाहेरच्या रेझिस्टर-कपॅसिटरचा, आणि तिथे स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला तर चिपची सगळी पुण्याई वाया जाते.

जिथे प्रमाणाने भागत नाही तिथे सतत मोजणे आणि दुरुस्त करणे आले. डिले-लॉक्ड लूपमध्ये विलंब देणाऱ्या घटकांची साखळी असते. साखळीचा एकूण विलंब बाहेरून आलेल्या स्थिर क्लॉकच्या (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या संकेताच्या) आवर्तनाशी ताडून पाहिला जातो. साखळी पुढे धावली तर नियंत्रक तिला आवरतो, मागे पडली तर सोडतो. झायलिंक्सच्या सातव्या मालिकेतल्या एफपीजीएमध्ये (आतली जोडणी नंतर हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपमध्ये) २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक दिला की ५ नॅनोसेकंदांच्या आवर्तनाचा ६४ वा भाग, म्हणजे सुमारे ७८ पिकोसेकंद, एवढी विलंबाची एकेक पायरी पक्की राहते, चिप गार असो की तापलेली. डीडीआर३ या संगणकातल्या मेमरीत दुसरी सोय आहे. प्रत्येक चिपच्या एका पिनला २४० ओहमचा, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर जोडतात. त्याच्याशी ताडून मेमरी आपल्या निर्गम ट्रान्झिस्टरांचा रोध अधूनमधून जुळवून घेते.

मायक्रोकंट्रोलरमधले (एका चिपवरच्या छोट्या संगणकामधले) अंतर्गत आरसी आंदोलक, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरवर ठोके देणारी मंडले, हे यातले नाजूक ठिकाण. एटीमेगा३२८पी मधला ८ मेगाहर्ट्झचा आंदोलक कारखान्यातून ±१० टक्के अचूकतेने येतो. वापरणाऱ्याने स्वतः जुळवला तर ±१ टक्क्यापर्यंत येतो, पण ज्या दाबाला आणि ज्या तापमानाला जुळवला तिथेच. सिरियल संदेशात दोन्ही टोकांच्या गतीत थोड्या टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की अक्षरांऐवजी कचरा उमटू लागतो.

संदर्भ म्हणून बहुधा क्वार्ट्झ स्फटिक वापरतात, पण तोही पूर्ण निर्विकार नाही. घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला नेमका चालतो. तिथून दूर गेले की गार पडले तरी मागे आणि तापले तरी मागे, आणि हा फरक तापमानातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांना तो दहा लाखांत सुमारे १४ भाग मागे पडतो, म्हणजे दिवसाला १.२ सेकंद. उन्हात तापून ६० अंशांवर गेलेल्या पेटीत हाच आकडा साडेतीन सेकंदांवर जातो. वेळेनुसार दर आकारणाऱ्या वीजमीटरमध्ये ही चूक महिनोन्‌महिने साठू देता येत नाही. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप दर ६४ सेकंदांनी आपले तापमान मोजते आणि स्फटिकाला जोडलेली धारिता त्याप्रमाणे बदलते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत २ भागांच्या आत राहते, वर्षाला साधारण एक मिनिट.

वेळेप्रमाणे दाबाचाही स्थिर संदर्भ लागतो. तो देणारे बँडगॅप मंडल अभियंते रॉबर्ट विडलर यांनी १९७० च्या सुमारास व्यवहारात आणले. डायोडवरचा दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. वेगवेगळ्या प्रवाहघनतेच्या दोन संधींवरच्या (डायोडसारख्या जोडांवरच्या) दाबांमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिळवले की जवळपास न ढळणारे १.२५ व्होल्ट मिळतात.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेल्या ‘रेझर’ पद्धतीने वाटच बदलली. एरवी वाईटातल्या वाईट स्थितीसाठी दाब जास्त ठेवून सुरक्षित अंतर राखले जाते. रेझरमध्ये प्रत्येक नाजूक मार्गाच्या शेवटी एक जादा लॅच (एक किंमत धरून ठेवणारा घटक) थोड्या उशिराने तीच किंमत पुन्हा टिपतो. दोन्ही किमती जुळल्या नाहीत तर संकेत उशिरा पोचला असे समजून प्रोसेसर ती पायरी दुरुस्त करतो. चुकांचे प्रमाण नगण्य राहील इतपत दाब खाली आणत नेला जातो, आणि त्या चिपला त्या तापमानात नेमका किती दाब लागतो हे ती स्वतःच शोधून काढते.