सशाचं गळू पिकत का नाही?

घरच्या सशाच्या जबड्याखाली गाठ आली की सोलापुरात शेजारीपाजारी हमखास सांगतात, "पिकू द्या, फुटलं की बरं होईल." माणसाच्या गळवाबाबत हे बऱ्याचदा खरं ठरतं. सशाच्या बाबतीत मात्र अशी वाट पाहता पाहता पू हाडापर्यंत पोचतो.

फरक आहे पांढऱ्या पेशींचा. आपल्या शरीरात जंतू शिरले की न्यूट्रोफिल पेशी तिथे धावतात, जंतू गिळतात आणि मरतात. मरताना त्यांच्या आतल्या कणिकांमधली विकरं (एन्झाइम) बाहेर सांडतात. त्यांतली काही प्रथिनं तोडणारी असतात. ती मेलेलं ऊतक विरघळवतात, पू पातळ होतो, त्वचेवर दाब येतो आणि गळू फुटतं. आपल्या पुवाची हिरवट झाकसुद्धा मायलोपेरॉक्सिडेझ या लोहयुक्त विकरामुळे येते.

सशात हे काम हेटेरोफिल पेशी करते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कणिका गुलाबी दिसतात, त्यामुळे नवशिक्याला ती इओसिनोफिल ही वेगळ्या प्रकारची पांढरी पेशी वाटू शकते. जंतू तीही गिळते, पण ऊतक विरघळवण्यात ती कमी पडते, असं पशुवैद्यकात मानलं जातं. म्हणून सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट आणि पांढरा राहतो, वाहत नाही. शरीर मग त्याच्याभोवती तंतुमय ऊतकाची जाड पिशवी तयार करतं. पिशवीच्या आत रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तातून येणारं प्रतिजैविक तिथे पुरेसं पोचत नाही. नुसती चीर देऊन दाबलं तर थोडा पू निघतो, पिशवी मागे राहते आणि गळू पुन्हा भरतं. म्हणूनच जमेल तिथे पशुवैद्य पिशवीसकट गळू काढून टाकतात.

जंतू शिरतात कुठून? जबड्याच्या गळवांमागे बहुतेक वेळा दात असतात. सशाचे सगळे 28 दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. चरबट गवत आडवं रगडून खाताना ते झिजतात. पोळी, बिस्किट आणि गाजरावर वाढलेल्या सशाचे दात पुरेसे झिजत नाहीत. वरखालचे दात एकमेकांवर दाबले जातात, मुळं उलटी जबड्याच्या हाडात घुसू लागतात, दातांमध्ये फटी पडतात आणि तिथे ऑक्सिजनविना वाढणारे जंतू मुक्काम ठोकतात. दाढेचं टोक गालाला किंवा जिभेला लागून जखम झाली, तरी जंतूंना वाट मिळते.

बाकी कारणं म्हणजे दोन नरांच्या मारामारीतले चावे, आणि जाळीच्या पिंजऱ्यात सोलवटलेले पाय, कारण सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते. पाश्चुरेला हा जंतू कित्येक सशांच्या नाकात असतोच, तिथून तो इतरत्र पसरू शकतो. आपल्या माळरानावरचं कुसळी गवत मात्र विसरू नका. त्याची टोकदार कुसळं तोंडात किंवा कातडीत रुतून बसतात. गवत फुलोऱ्याआधी कापलेलं घ्या. पवना किंवा मारवेल मिळाला तर उत्तमच.

गाठीवर बिब्बा लावणं किंवा नजर लागली म्हणून गळ्यात काळा दोरा बांधणं, दोन्ही ताबडतोब थांबवा. बिब्ब्याने कातडी भाजते आणि आतल्या पिशवीला काहीच होत नाही. दोऱ्यात पाय अडकतो तो वेगळाच.

ससा दुखणं लपवतो. खाणं मंदावलं, हनुवटी लाळेने ओली राहू लागली, लेंड्या बारीक झाल्या किंवा एका डोळ्यातून सतत पाणी येऊ लागलं, तर दातांची तपासणी आणि डोक्याचा एक्स-रे करून घ्या. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडाने कधीही देऊ नका. सशाचं पचन आतड्यातल्या उपयुक्त जंतूंवर चालतं. ते मेले की क्लॉस्ट्रिडियम हे घातक जंतू माजतात, आणि त्यांच्या विषाने ससा गळवाआधीच दगावू शकतो.