बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे घ्या

जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी आमच्या वर्कशॉपचे माहितीपत्रक, बडोदे

दसरा आठ दिवसांवर आला की आमचा फोन थांबत नाही. वर्षभर कव्हरखाली उभी असलेली फियाट किंवा अँबॅसडर पूजेसाठी बाहेर काढायची असते, आणि किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मग पलीकडून ठरलेले वाक्य: “काका, बॅटरी गेली. नवी घेऊन या.”

नवी बॅटरी आम्ही जरूर आणू. पण त्याआधी आम्ही तुम्हाला तीन आकडे विचारणार आहोत, आणि ते कसे घ्यायचे हे सांगण्यासाठीच हे पत्रक छापले आहे. बॅटरी खरोखर मेली असली तरी ती कशाने मेली हे कळल्याशिवाय नवी बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. जुन्या गाडीत बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर), डायनामो (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), कटआऊट (डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला आपोआप चालू-बंद होणारा खटका) आणि अर्थिंग (बॉडीतून करंटची परतीची वाट) ही एकाच कुटुंबातली माणसे आहेत. एकाच्या दुखण्याचा त्रास दुसऱ्याला होतो.

साहित्य फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर रावपुऱ्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा.

पहिला आकडा, गाडी झोपलेली असताना

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर लावा. खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, वरच्या टर्मिनलवर, म्हणजे केबलच्या पकडीवर नाही. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी आहे, आणि रिकामी बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते मग चार्जिंगने सुटत नाहीत. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा चढलेला दिसतो. थांबायला वेळ नसेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावा, बंद करा आणि मग मोजा.

तुमची गाडी ६ व्होल्टची असेल, म्हणजे १९५५ च्या आधीची अमेरिकन किंवा साठीच्या दशकातली बीटल, तर या पत्रकातले बॅटरीच्या खुंट्यांवरचे व्होल्टचे आकडे निम्मे करून वाचा.

बूच उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, मल्टीमीटरपेक्षा जास्त सांगतो, कारण तो बॅटरीच्या सहा घरांची (सेलची) सहा उत्तरे वेगवेगळी देतो. सगळी घरे एकसारखी कमी असतील तर बॅटरी फक्त उतरली आहे, चार्ज करा. पाच घरे १.२४० आणि सहावे १.१८० असेल तर ते घर गेले, तिथे चार्जर काही करू शकत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: परदेशी मॅन्युअलमध्ये पूर्ण चार्जला १.२८० लिहिलेले असते, पण उष्ण हवेसाठी बनवलेल्या बॅटरीत आम्ल मुळातच सौम्य भरतात आणि तिथे १.२४० म्हणजेही पूर्ण असू शकते. आकडा वाढवायचा म्हणून आम्ल ओतू नका. घरात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे, प्लेटा बुडून वर साधारण १० मिलिमीटर राहील इतकेच. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी लवकर आटते आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही उकाड्याने वाढतो, म्हणून एप्रिलपासून दर पंधरवड्याला बूच उघडून बघा.

दुसरा आकडा, सेल्फ मारताना

कॉइलची (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या डब्याची) बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसते फिरेल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने खुंट्यांवर मीटर धरायचा. दहा सेकंदांत आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे.

पण आकडा ११ च्या वर टिकला आणि तरीही सेल्फ कण्हत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. ताकद आहे, ती पोहोचत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा दोष हाच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने वेगळे. त्याला जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, आणि बॅटरीपासून बॉडीकडे जाणारी दुसरी जाड केबल. गाडीला नवा रंग मारताना या पट्ट्या सुटतात आणि नंतर रंगावरच पुन्हा आवळल्या जातात. वरून बघाल तर बोल्ट घट्ट, रंग चकचकीत, आणि करंटला मात्र वाट नाही. मग तो ॲक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या तारेतून वाट काढतो.

मांडवीजवळच्या एका गिऱ्हाइकाची फियाट अशीच आली होती. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या आणि ते तिसरीसाठी आले होते. बोलता बोलता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, सकाळी गाडी सुरू करताना चोकचा दांडा हाताला गरम लागतो. आमच्यासाठी निदान तिथेच झाले. बॅटरीच्या खुंटीपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत मीटर लावला, तर सेल्फ मारताना जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच हरवत होते. रंग खरवडला, नवी पट्टी बसवली, आणि त्याच बॅटरीवर गाडी लगेच उठली. त्या बाईंचे निरीक्षण नसते तर आम्हीही आणखी तासभर शोधत बसलो असतो. म्हणून घरातले कोणी काही वेगळे जाणवल्याचे सांगत असेल तर ते आम्हालाही सांगा.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. मीटरची एक तार अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग दुसऱ्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर केबल, टर्मिनल किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा खटका) यांपैकी कशात तरी दोष आहे. पांढरा-हिरवा क्षार दिसला तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचे पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका.

तिसरा आकडा, इंजिन चालू असताना

कॉइलची वायर परत लावा, इंजिन सुरू करा आणि १५०० आरपीएमच्या आसपास धरून खुंट्यांवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली म्हणजे चार्जिंग होत नाही. १५ कडे झुकत असेल तर बॅटरी उकळते आहे; पाणी सारखे आटण्याचे कारणही मग तेच.

आता डायनामोबद्दल, कारण इथे गैरसमज फार. सुरुवातीच्या फियाट आणि अँबॅसडरमध्ये, आणि बहुतेक जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अल्टरनेटर (चार्जिंगचे नंतरच्या काळातले यंत्र) नसून डायनामो असतो. इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे सिग्नलला उभे असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणणे हा बिघाड नाही, वेग वाढल्यावर तो विझायला हवा एवढेच. ल्यूकास या ब्रिटिश कंपनीचा सी४० हा नावाजलेला डायनामोसुद्धा फार तर २२ अँपिअर देतो. रात्री वरातीत गाडी पायी चालीने नेली, हेडलाइट आणि वर हौशीने लावलेली दिव्यांची माळ चालू, तर तासाभरात बॅटरी बसणारच. त्यात कोणाचाच दोष नाही.

दिवा विझत नसेल तर आधी फॅन बेल्ट पाहा. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. मग कार्बन ब्रश: झिजून आखूड झालेत का, आणि आपल्या खाचेत मोकळे सरकतात का. त्यानंतर डायनामो एकटा तपासायचा. ल्यूकास पद्धतीच्या डायनामोवर ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही वायर काढा, ती दोन टोके एका तारेने एकमेकांना जोडा, आणि मीटर तिथून बॉडीला लावा. इंजिन मंद चालवून हळूहळू वेग द्या. हजार आरपीएमच्या आतच व्होल्ट झरझर चढले तर डायनामो ठणठणीत आहे, दोष कटआऊटच्या डब्यात किंवा वायरिंगमध्ये शोधा. २० च्या वर मात्र जाऊ देऊ नका. आकडा एक व्होल्टच्या आतच अडला तर फील्ड वाइंडिंगवर (आतल्या स्थिर गुंडाळीवर) संशय, चार-पाचवर थांबला तर आर्मेचरवर (फिरणाऱ्या गुंडाळीवर). इतर बनावटीच्या डायनामोंची फील्डची जोडणी वेगळी असू शकते, त्यांच्यावर हा प्रयोग करू नका, गाडी आमच्याकडे आणा.

कटआऊटचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद केल्यावरही बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होत राहते. अँमीटरचा (डॅशबोर्डवरच्या करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जकडे पडून राहिला आणि डायनामो गरम लागला, तर आधी बॅटरीची अर्थची वायर काढा, मग फोन करा.

गाडीला अल्टरनेटर असेल तर एक जुनी सवय सोडा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल उचलायचे आणि ‘गाडी चालू राहिली, म्हणजे चार्जिंग ठीक’ असे म्हणायचे, हे रस्त्याकडेला अजून चालते. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात. डायोड गेलेला अल्टरनेटर रात्रभर बॅटरी पिऊ शकतो. सकाळी थंड इंजिनवर तो एकटाच कोमट लागला तर समजा.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवून द्या, अशी मागणी हल्ली वाढली आहे. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. अशा ठिकाणी परीक्षक बॉनेट उघडून बघतात आणि मूळ डायनामोला मान असतो. गाडी दिवसा आणि हौसेपुरती चालत असेल तर आमचा सल्ला डायनामो दुरुस्त करून ठेवण्याचा. तरीही बदलायचाच असेल तर जुन्या जाड वायरी आणि अँमीटर वाढीव करंट झेपतील का ते आधी तपासावे लागते, आणि काढलेला डायनामो भंगारात न देता फडक्यात गुंडाळून घरी ठेवा.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा

तिन्ही आकडे चांगले आणि तरी आठवड्याने गाडी उठत नाही, तर कुठेतरी गळती आहे. डिकीतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला १० अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. अर्थची वायर काढून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडा. सगळे बंद असताना बल्ब पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने बल्ब विझेल त्या वाटेवर दोष. कुठल्याच फ्यूजने विझला नाही तर कटआऊट किंवा मागाहून बसवलेला रेडिओ बघा.

चार्जर किंवा जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घेण्याच्या केबल) लावण्याआधी अर्थ कोणता, म्हणजे बॉडीला कोणते टोक जोडले आहे, ते पाहा. मॉरिस, ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. काळी वायर बॉडीला असे गृहीत धरून चालू नका, खुंटीवरची खूण वाचा. अशा गाडीला शेजारच्या नव्या गाडीवरून जंप देताना दोन्ही गाड्यांचे लोखंड एकमेकांना लागता कामा नये. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तेव्हा पूजेचे निरांजन आणि उदबत्ती बॉनेटपासून लांब ठेवा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरले त्यांच्यासाठी: गाडी तेव्हापासून सुरूच केली नसेल तर सेल्फ मारून बघू नका. डायनामोत आणि सेल्फमध्ये गाळ सुकून बसलेला असतो, आधी ते दोन्ही उघडावे लागतात.

गाडी दाखवायला आणताना शक्य असेल तर टो करून, रात्रभर थंड झालेलीच आणा, आणि तीन आकडे कागदावर लिहून आणा. पहिला आकडा तुमच्या दारात सकाळी जितका खरा मिळतो तितका आमच्याकडे पोहोचल्यावर मिळत नाही.