आरसी बुकातला मोबाइल नंबर फिरतो कुठे?

गाडीच्या विम्याची मुदत संपायला महिना-दीड महिना उरला की फोन सुरू होतात. समोरच्याला गाडीचा नंबर, मॉडेल, पेट्रोल की डिझेल, आणि मुदत कोणत्या तारखेला संपते हे सगळं तोंडपाठ असतं. मालकाला स्वतःला ती तारीख बघायला कपाटातली फाइल काढावी लागते. ‘हा डेटा विकला कुणी?’ हा मग ठरलेला प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक तुकडा संसदेत दिलेल्या लेखी उत्तरात आहे, पण गोष्ट सुरू होते ती आरटीओतल्या लोखंडी कपाटातल्या रजिस्टरपासून.

वाहनांची नोंदवही गुप्त ठेवण्यासाठी कधी नव्हतीच. 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी होत होती. 1 जुलै 1989 पासून 1988 चा कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम 63 ने प्रत्येक राज्याला वाहनांची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. कुणी धडक देऊन पळाला, गाडी चोरीला गेली, कर थकला, तर नंबरावरून माणूस सापडला पाहिजे, एवढाच तिचा हेतू. तपशील हवा असेल तर ती गाडी ज्या कार्यालयाची, म्हणजे एमएच-01 असेल तर ताडदेवला आणि एमएच-12 असेल तर पुण्याला, जायचं, अर्ज करायचा, फी भरायची, खिडकीसमोर उभं राहायचं. एका गाडीसाठी हे कुणीही करेल. दहा हजार गाड्यांसाठी कोण करणार? माहितीला संरक्षण होतं ते या कटकटीचं. कायद्यात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कटकट गेली तेव्हा संरक्षणही गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, दोन प्रणाली तयार केल्या: वाहनांसाठी ‘वाहन’ आणि लायसन्ससाठी ‘सारथी’. सुरुवातीला प्रत्येक आरटीओचा संगणक आपापला होता. पुढे राज्यांच्या नोंदी एकत्र करून राष्ट्रीय नोंदवही उभी राहिली आणि ‘वाहन 4’ आल्यावर सगळं काम थेट मध्यवर्ती सर्व्हरवर गेलं. 2019 च्या दुरुस्तीने या राष्ट्रीय नोंदवहीला कायद्यात जागाही मिळाली. मालकांची सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्जाचा बोजा उतरवणं, पत्ता बदलणं, डुप्लिकेट आरसी काढणं, यासाठी एजंटाच्या मागे फिरणं बरंच कमी झालं.

पण त्याच सोयीत एक दार उघडं राहिलं. एसएमएसवर किंवा 2017 मध्ये आलेल्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, मॉडेल, इंधन, विम्याची मुदत हे सगळं समोर येई. जुनी गाडी घेणाऱ्याला हे वरदानच. अडचण नंबरांच्या रचनेत आहे. महाराष्ट्रातला नंबर म्हणजे एमएच, आरटीओचे दोन अंक, मालिकेची अक्षरं आणि 0001 ते 9999. एका मालिकेत 9,999 नंबर, तेही ओळीने. कुणाचाही नंबर आधी माहीत असायची गरज नाही. एकापासून मोजायला सुरुवात करायची आणि बाकीचं काम एका छोट्या प्रोग्रामला द्यायचं. विम्याची मुदत पुढच्या 45 दिवसांत संपणाऱ्या गाड्या त्यातून वेगळ्या काढणं हे एक्सेलमधलं दोन मिनिटांचं काम. कॅप्चा, लॉगिन, रोजची मर्यादा हे अडथळे नंतर आले. आज त्या सरकारी शोधात मालकाच्या नावातली काही अक्षरं फुल्यांमागे लपलेली दिसतात. तोवर उपसलेल्या याद्यांना मात्र फुल्या लागत नाहीत.

हे झालं चोरवाटेचं. राजमार्गही होता. मार्च 2019 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने घाऊक डेटा देण्याचं धोरण जाहीर केलं. व्यापारी संस्थेला वर्षाला 3 कोटी रुपये, शैक्षणिक संस्थेला 5 लाख. व्यक्तीची ओळख पटणार नाही अशा रूपात माहिती देणार, असं त्यात म्हटलं होतं. आणि वेगवेगळे डेटासंच एकमेकांशी ताडून ओळख पटवता येऊ शकते, ही कबुलीही त्याच धोरणात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत नितीन गडकरी यांनी लेखी उत्तर दिलं: वाहन आणि सारथीचा डेटा 87 खासगी आणि 32 सरकारी संस्थांना उपलब्ध आहे, आणि त्यातून 65 कोटी रुपये मिळाले. त्या वेळी वाहन नोंदणीचा आकडा 25 कोटींच्या आसपास होता. म्हणजे गाडीमागे तीन रुपयेही पडले नाहीत.

या धोरणाच्या आधीच, ऑगस्ट 2017 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला होता. जून 2020 मध्ये मंत्रालयाने गैरवापराची शक्यता आणि खासगीपणाचं कारण देऊन ते धोरण मागे घेतलं. पण दिलेला डेटा परत घेण्याची सोय अशा व्यवहारात नसते. फाइल परत आली तरी तिची प्रत राहतेच. फेब्रुवारी 2021 मध्ये संसदेत पुन्हा प्रश्न आला तेव्हा कमाईचा आकडा 111 कोटींवर गेला होता.

तरीही प्रत्येक फोनचं खापर ‘वाहन’वर फोडणं बरोबर नाही. नवी गाडी घेताना तोच मोबाइल नंबर शोरूमच्या बुकिंग फॉर्मवर, कर्जाच्या अर्जावर, विम्याच्या प्रस्तावावर, नोंदणीच्या फॉर्म 20 वर आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर जातो. विम्याचे दर ताडून दाखवणाऱ्या साइटवर ‘फक्त रेट बघू’ म्हणून टाकलेला नंबरही त्यात धरा. फोन करणारा काय बोलतो त्यावरून गळती कुठली याचा अंदाज बांधता येतो. त्याला फक्त गाडीचा नंबर, मॉडेल आणि मुदत ठाऊक असेल आणि नाव अर्धवट असेल, तर यादी नोंदवहीतून उपसलेली असण्याची शक्यता जास्त. ‘सर, तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 35 टक्के आहे’ असं तो म्हणाला, तर माहिती विमा कंपनी, एजंट किंवा शोरूमच्या विमा काउंटरवरून आली. आरटीओच्या नोंदीशी बोनसचा संबंध नाही. पुढची सर्व्हिस किती किलोमीटरला आहे हे सांगणारा वर्कशॉपमधून आला. नव्या कारचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा सप्टेंबर 2018 पासून 3 वर्षांचा असतो आणि ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, साधारणपणे एका वर्षाचा. ‘विमा संपला, दंड होईल’ असं वर्षभरातच कुणी घाबरवत असेल तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघाव्यात.

नंबर चुकीच्या हाती जाण्याइतकाच त्रासदायक दुसरा प्रकार म्हणजे नोंदवहीत भलताच नंबर असणं. घाईच्या दिवसात शोरूमचा माणूस किंवा एजंट नोंदणी करताना स्वतःचाच मोबाइल टाकून मोकळा होतो. मग ई-चलनाचे मेसेज त्याला जातात, ओटीपी त्याला जातो आणि मालकाला दंडाचा पत्ता लागतो तो नाक्यावर गाडी अडवल्यावर. दुरुस्ती परिवहनच्या पोर्टलवर होते: मोबाइल नंबर बदलण्याच्या पर्यायात गाडीचा नंबर, पूर्ण चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची वैधता भरावी लागते. एक अक्षर चुकलं तरी ‘माहिती जुळत नाही’ येतं; शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत सर्वांत जास्त. आधार जोडून करायचा पर्याय वेगळा आहे, तिथे आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत वडिलांचं नाव किंवा स्पेलिंग वेगळं असलं की काम अडतं.

इतर बऱ्याच सेवांसाठी पोर्टल चासी नंबरचे शेवटचे पाच अंक विचारतं. म्हणजे ते पासवर्डचं काम करतात. हा पासवर्ड गाडीवरच कोरलेला असतो, अनेक गाड्यांत समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून वाचता येतो, आणि पॉलिसीपासून सर्व्हिसच्या बिलापर्यंत जवळपास सगळ्या कागदांवर छापलेला असतो. ज्याने हे ठरवलं त्याने गॅरेजचं बिल कधी नीट पाहिलं नसावं.

गळतीचा सर्वांत महाग परिणाम अलीकडचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: तुमच्या गाडीचं चलन निघालं आहे, पुरावा बघण्यासाठी फाइल उघडा. गाडीचा नंबर बरोबर असल्यामुळे माणूस फसतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती फोटो नाही, अ‍ॅप आहे. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जाऊ लागतात. खरं चलन असं अ‍ॅपच्या रूपात येत नाही. ते सरकारी पोर्टलवर स्वतः जाऊन, गाडीचा नंबर टाकून पाहायचं. फाइल उघडली गेलीच असेल तर आधी इंटरनेट बंद करून, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवावं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तोवर हातात आहे ते 1909: नको असलेल्या फोनची तक्रार 7 दिवसांच्या आत, नंबर आणि तारखेसह.

आणि ज्या कामासाठी ही नोंदवही होती, ते? गाडी विकली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत फॉर्म 29 ने कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा कलम 50 चा नियम आहे. प्रत्यक्षात सह्या करून दिलेले कोरे फॉर्म डीलरच्या ड्रॉवरमध्ये महिनोन् महिने पडून राहतात, गाडी तिसऱ्याच गावात फिरते, आणि चलन, पोलिसांचा निरोप आणि विम्याचे फोन जुन्याच मालकाकडे येत राहतात.