संपर्क-आयात : स्वरूपदोष आणि दुरुस्ती

स्प्रेडशीटमधील नावे, पत्ते, फोन व ईमेल पत्ते जीमेल, आउटलुक किंवा थंडरबर्डच्या संपर्कवहीत एकगठ्ठा भरणे म्हणजे संपर्क-आयात. मधला दुवा बहुधा सीएसव्ही फाइलचा असतो. ही निव्वळ मजकुराची फाइल : एका व्यक्तीची एक ओळ, दोन रकान्यांमध्ये एक स्वल्पविराम. फॉन्ट, रंग, सूत्रे यांतले तीत काही टिकत नाही. बिघाड दिसतो आयात करताना, पण बहुतेक वेळा तो फाइल सेव्ह करतानाच झालेला असतो. म्हणून तयार सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. एक्सेलमध्ये उघडली तर एक्सेल आकड्यांना पुन्हा हात लावते.

नाशिकमधल्या एखाद्या सोसायटीची सभासदयादी घेतली, तर पहिला अडथळा पत्त्यातच येतो. ‘पंचवटी, नाशिक ४२२००३’ यातला स्वल्पविराम नवा रकाना समजला जातो, पुढचे सगळे एक घर सरकते आणि फोन ईमेलच्या जागी जाऊन बसतो. सीएसव्हीचे स्वरूप सांगणाऱ्या आरएफसी ४१८० (२००५) या दस्तऐवजानुसार असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत हवा. एक्सेल हे आपोआप करते. हाताने बनवलेल्या फाइलीत ते राहून जाते.

फोनचे नुकसान अधिक गंभीर. ०२५३ हा नाशिकचा एसटीडी कोड आकडा म्हणून नोंदला गेला की सुरुवातीचे शून्य गळते. ९१ जोडलेला मोबाइल क्रमांक बारा अंकी होतो. एक्सेल तो घातांकी रूपात (‘9.19E+11’ अशा धर्तीवर) दाखवते आणि सीएसव्हीत तेच आखूड रूप उतरते. मूळ शीट नसेल तर उरलेले अंक परत मिळत नाहीत. क्रमांक भरण्यापूर्वीच रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. नंतर केल्याने गळलेले शून्य परत येत नाही.

मराठी नावांचा प्रश्न वेगळाच. साध्या सीएसव्हीत सेव्ह केल्यास देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात, आणि तो मजकूर कायमचा गेलेला असतो. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा; यूटीएफ-८ म्हणजे सर्व लिप्यांना सामावणारा युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत. नावांऐवजी विचित्र परदेशी अक्षरे दिसली, तर मात्र धीर सोडू नये : यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, ते चुकीच्या संकेतप्रणालीने (एन्कोडिंगने) वाचले गेलेले असते. योग्य प्रणाली निवडून फाइल पुन्हा उघडली की नावे जशीच्या तशी दिसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतील याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. त्यानंतर कुलकर्णी, धर्माधिकारी अशा नावांतले रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. माणसाचे नाव चुकीचे छापून पत्र पाठवणे योग्य नव्हे. ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ ही दोन्ही रूपे यादीत असतील तर एकच ठरवावे, नाहीतर गावानुसार छाननी करताना निम्मी माणसे सुटतात.

ईमेलच्या शेवटची मोकळी जागा एक्सेलच्या ‘ट्रिम’ सूत्राने जाते, पण वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी जागा (नॉन-ब्रेकिंग स्पेस) त्याने जात नाही, ती ‘सब्स्टिट्यूट’ सूत्राने काढावी लागते. एका रकान्यात एकच ईमेल ठेवावा. आउटलुक व थंडरबर्डमध्ये रकान्यांची जोडणी हाताने करता येते. गूगलसाठी शीर्षके त्याच्या नमुना-फाइलीप्रमाणे द्यावीत.

पूर्ण यादीआधी पाचच ओळी आयात करून पाहाव्यात, त्याही अवघड : स्वल्पविरामाचा पत्ता, ०२५३चा फोन, रफाराचे आडनाव. गूगल प्रत्येक आयातीला तारखेचे लेबल लावते. चूक निघाल्यास त्या लेबलखालचे संपर्क निवडून काढून टाकता येतात.