संस्कृत आणि संगणक: ‘नासा’ने नेमकं काय म्हटलं होतं?

‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे, हे नासानेच मान्य केलंय’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. नासाने अशी कुठलीही घोषणा केलेली नाही.

याचं मूळ १९८५ सालच्या एका लेखात आहे. नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी तो ‘एआय मॅगझिन’मध्ये लिहिला होता. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ कर्ता, कर्म, करण असा काटेकोर उलगडून सांगत. कृत्रिम बुद्धिमत्तेत अर्थ मांडण्याची पद्धत त्याच्याशी जुळते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहा, असं त्यात नाही.

मुळात संगणकाला कुठलीच मानवी भाषा कळत नाही. त्याच्या चिपमध्ये असतात अतिसूक्ष्म स्विच, चालू किंवा बंद, म्हणजे १ किंवा ०. आपण ‘अ’ टाइप केला की युनिकोडनुसार, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या पद्धतीनुसार, तो २३०९ हा आकडा होतो, द्विमान पद्धतीत १००१०००००१०१. इंग्रजी ‘ए’ होतो ६५. यंत्राला दोन्ही सारखेच. पायथॉन किंवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषांत लिहिलेल्या सूचनाही शेवटी अशाच शून्य-एकांत उतरतात.

प्राचीन संस्कृत वैयाकरण पाणिनीला या खोट्या प्रमाणपत्राची गरजच नाही. सुमारे ४,००० सूत्रांत अख्ख्या भाषेची घडण बांधणारी ‘अष्टाध्यायी’ थक्क करते. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण ज्या ‘बॅकस’ पद्धतीत लिहितात, तिला पाणिनीचंही नाव द्यावं, असं १९६७ मध्ये एका संगणकतज्ज्ञाने सुचवलं होतं. फॉरवर्ड करायचंच असेल, तर हे करा.